प्रवासात सान्शिन किंवा शामिसेन शिकता येईल का?

भटकभवानी:
नमस्कार मंडळी,
फेब्रुवारीच्या मध्यापासून महिना-सव्वा महिना जपानला जायचं ठरतंय. एकटीच जाणार आहे. देवळं, किल्ले, गरम पाण्याची कुंडं हे सगळं होईलच, पण या खेपेला नुसतं बघून परत यायचं नाही. तिथे बसून काहीतरी शिकायचंय आणि ते तारेचं वाद्यच असावं असा हट्ट आहे. शाळेत असताना सतार शिकत होते. बारावीच्या वर्षात ती जी सुटली ती सुटलीच. हात मात्र अजून शिवशिवतात.

कोतो फार आवडतं, पण १३ तारांचं ते जवळजवळ सहा फुटी लाकूड घेऊन मी कुठल्या गाडीत चढणार? म्हणून डोक्यात दोनच नावं उरलीत. मुख्य जपानातलं शामिसेन आणि ओकिनावा बेटांवरचं सान्शिन. दोन्हींना तीन तारा, दोन्हींना पडदे नाहीत, दोन्ही कातड्याने मढवलेली. माझं ज्ञान इथे संपतं.

एवढ्या दिवसांत यातलं कुठलं जरा तरी हाताला लागेल? एकाच गावी तळ ठोकावा, की फिरता फिरता जिथे शिकवणारे भेटतील तिथे शिकत जावं? आणि येताना वाद्य आणायचं तर काय भानगडी आहेत? कुणी केलंय का असं काही?

वल्ली_नंबर_दोन:
पहिला! आता निवांत वाचतो.

निशिकासाईकर:
मी टोकियोत असतो आणि आमच्या वॉर्डाच्या सामुदायिक केंद्रात शामिसेनच्या वर्गाला जातो. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. समोरासमोर बसायचं, त्या वाजवणार, आपण बघून तसंच वाजवायचं. स्पष्टीकरण जवळपास नाहीच. महिन्याची फी पाकिटात घालून दोन्ही हातांनी द्यायची, नोटा शक्यतो कोऱ्या. वज्रासनात बसल्यावर पाय कधी झोपतात ते कळत नाही, उठताना कळतं.

आता मुद्द्याचं. शामिसेन वाजवायला उजव्या हातात बाची धरतात. तळहाताएवढा, पुढे पंख्यासारखा रुंद होत जाणारा. त्याची मूठ अनामिका आणि करंगळीच्या मधून जाते. सतारीची नखी बोटात घालायची सवय असलेल्या माणसाला हे धरणंच विचित्र वाटतं, मग मनगटातून मारायचं, मग तार चुकवून कातड्यावर आपटायचं नाही आणि जिथे आपटायचं तिथे नेमकं आपटायचं. महिनाभरात सूर लागण्याआधी तुमचा परतीचा दिवस येईल.

सान्शिनला तर्जनीत शिंगाची मोठी नखी घालतात आणि खाली छेडतात. पहिल्याच बैठकीत काहीतरी गाण्यासारखं वाजतं. महिन्यासाठी माझं मत सान्शिनला.

शामिसेनच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याची दांडी बहुधा तीन तुकड्यांत सुटते, त्यामुळे ते पेटीत मावतं. सान्शिन तसं सुटत नाही.

शुद्ध_मध्यम:
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. महिनाभरात कुठलंही वाद्य येत नाही. महिन्यात बैठक येते, तीही नशीब असेल तर. आपल्याकडे पाहुणे येतात, गंगेकाठी आठवडाभर सतार 'शिकतात', गळ्यात माळ घालून फोटो काढतात. त्यांना आपण मनातल्या मनात काय म्हणतो ते इथे लिहायला नको. तेच आपण दुसऱ्यांच्या देशात जाऊन का करावं?

तांबडी_माती:
आपण त्यांना 'या, बसा, चहा घेणार का' म्हणतो आणि फी घेतो. उगाच.

वल्ली_नंबर_दोन:
शुद्ध_मध्यमकाका, तुमच्या हिशेबाने पोहायलाही बारा वर्षं गुरूच्या घरी पाणी भरावं लागेल.

समुद्रपक्षी:
घरच्यांच्या नोकरीमुळे काही वर्षं ओकिनावात होते, म्हणून सान्शिनबद्दल सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

भटकभवानी, तिथे कुणालाही 'मला सान्शिन वाजवायला शिकव' म्हटलंस की ते तुला गायला लावतील. वाजवणारा गप्प आणि तारा बोलतायत असं चित्र तिथे फारसं नाही. सान्शिन गळ्यासाठी आहे. सतारीच्या डोक्याने गेलीस तर पहिल्या दिवशी वाटेल, एवढंच? तीन तारा, मोजके सूर, मींड (तार ओढून सूर सरकवणं) नाही, 'झाला' (शेवटचं द्रुत वादन) नाही. कारण मधली जागा आवाजाने भरायची असते. दरबारी परंपरेतल्या गाण्यात तर आवाज मुद्दाम तारेपासून जरासा सुटा ठेवतात, एकदम एकावर एक पडू देत नाहीत. ते जमणं हीच खरी परीक्षा. नोमुरा, आफुसो अशी घराणी आहेत, त्यांच्या परीक्षा आहेत, स्थानिक वर्तमानपत्रं स्पर्धा घेतात. दुसऱ्या बाजूला लोकगीतं आहेत, ती कोपऱ्यावरच्या खानावळीतही ऐकू येतात. तू लोकगीतांकडे जा.

तारा जुळवायला तुला अजिबात त्रास होणार नाही. नेहमीची जुळणी पेटीवरची पांढरी एक, पांढरी चार आणि वरची पांढरी एक. मधल्या तारेला सा धर, म्हणजे खाली पंचम, मध्ये सा, वर पंचम. पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे वर-खाली करतात. बायकांनी पुरुषांच्या पट्टीत ओढाताण करत गायचं असा आग्रह कुणी करत नाही. पडदे नसले तरी नवख्यांसाठी दांडीवर खुणांची पट्टी चिकटवून देतात. लाजू नकोस, लावून घे.

लिहायची पद्धतही मजेशीर आहे. तिला कुंकुंशी म्हणतात. उभे चौकोन, उजवीकडून डावीकडे वाचायचे, प्रत्येक चौकोनात एक चिनी अक्षर. अक्षर सुराचं नाव सांगत नाही, बोट कुठे ठेवायचं ते सांगतं. डझनभर अक्षरं पाठ झाली की काम भागतं, जपानी येत नसली तरी. अठराव्या शतकात याकाबी चोकी नावाच्या दरबारी संगीतकाराने ही पद्धत बसवली, आणि तिथले आजी-आजोबा अजूनही त्याच चौकोनांवरून गातात.

आणि सगळ्यात गोड भाग. नवख्यांना बहुतेक ठिकाणी पहिलं लोकगीत देतात ते 'तिन्सागु नु हाना'. हे फूल म्हणजे आपला तेरडा! गौरीत आणतो तोच. पहिल्या कडव्याचा भाव असा की नखं तेरड्याने रंगव आणि मन आईवडिलांच्या शिकवणीने. मला पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मी तिथेच म्हटलं, अहो, हे आमच्या माजघरातलं गाणं आहे.

वल्ली_नंबर_दोन:
पण तेरड्याचा रंग तीन दिवस ना? म्हणजे आईवडिलांची शिकवणसुद्धा...

तांबडी_माती:
आमच्या घरी एक दिवसही टिकत नाही. कन्या इयत्ता आठवी.

सावंतवाडीची_सून:
समुद्रपक्षी, काय सुंदर माहिती! आमच्याकडे तेरड्याचीच गौर असते. आता या वर्षी गौरी आणताना हे गाणं आठवणार. कुंकुंशी वाचून आधी वाटलं की कुंकवाच्या करंड्याबद्दल काहीतरी आहे.

शुद्ध_मध्यम:
समुद्रपक्षी, प्रतिसाद आवडला. गाणं आधी आणि वाद्य मागून, हे पटलं.

तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री ओकिनावाची दोन-चार लोकगीतं ऐकली. सूर बहुतेक सा ग म प नी, सगळे शुद्ध. हा तिलंग रागाचा आरोह झाला. तिलंग उतरताना कोमल निषाद घेतो, यांच्याकडे उतरतानाही शुद्धच राहतो. कर्नाटक पद्धतीत गंभीरनाट नेमका हाच. कोतोची जी प्रसिद्ध हिराजोशी जुळणी आहे तिचे सूर वेगळे पडतात. सा रे म प ध, त्यात रिषभ-धैवत कोमल, म्हणजे आपल्या गुणकलीचे सूर. याला राग म्हणू नये, चलन निराळं, ठेहराव निराळा. पण भटकभवानी, जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं रोज तंबोरा लावून सा ग म प नी सां गात बसा. तिथे गेल्यावर निम्मं काम झालेलं असेल.

महिन्यात वाद्य येत नाही हे मत कायम आहे.

मिरजेचा_भोपळा:
वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलोय, त्यामुळे वाजवण्यापेक्षा लाकूड-कातड्यात जीव जास्त.

यात थोरलं भावंड सान्शिन. चीनचं तीन तारांचं सान्श्यान र्‍युक्यूच्या राज्यात, म्हणजे जुन्या ओकिनावात आलं, तिथे ते सान्शिन झालं. मग १५६०च्या आसपास ओसाकाजवळच्या साकाई बंदरात उतरलं आणि बिवा (तिकडचं जुनं तारवाद्य) वाजवणाऱ्यांच्या हाती पडलं. त्यांनी आपला बाची याला लावला. तिकडे मोठ्या सापाचं कातडं कुठलं मिळायला, म्हणून मांजराचं आणि कुत्र्याचं आलं. आता कृत्रिम कातडं बरंच वापरतात. सान्शिनवर मात्र अजगराचं. ओकिनावाच्या विषारी हाबू सापाचं असतं असं पर्यटकांना वाटतं, पण तो साप एवढा रुंद नसतोच. ब्रह्मदेशी अजगराचं कातडं बाहेरून येतं.

शामिसेनमध्ये आपल्याला ओळखीची एक गंमत आहे. जाड तार वरच्या टोकाला बाकीच्या दोन तारांसारखी मेरूवर टेकत नाही, दांडीला किंचित घासते आणि झणझण उठते. जुळणी बरोबर असली की बाकीच्या तारा छेडल्यावरही ती झणझण जागी होते. त्याला ते सावारी म्हणतात. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी लावणारा माणूस ज्या आवाजाच्या मागे दिवस घालवतो, तोच हा आवाज. वाट वेगळी, आपण घोडीवर तारेखाली दोरा सरकवतो, ते वरच्या टोकाला करतात. (आमच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही जाहिरात जाता जाता.)

आणखी एक. उंची शामिसेनची दांडी ज्या लाकडाची असते ते रक्तचंदन. आपलं, आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरातलं. हे झाड जगात पूर्व घाटाच्या त्या पट्ट्याबाहेर नैसर्गिकरीत्या जवळजवळ उगवतच नाही. आता निर्यातीवर कडक बंधनं आहेत, त्यामुळे जुन्या दांड्यांना मोल आलंय. सान्शिनला ओकिनावाचंच काळं लाकूड लागतं, आबनूसाच्या जातीचं. ते दांडीजोगं व्हायला शंभरेक वर्षं लागतात असं तिथले कारागीर सांगतात. योमितान गावात त्यासाठी मुद्दाम झाडं लावण्याचा उपक्रम चालू आहे. आज लावणाऱ्याला त्याचं सान्शिन बघायला मिळणार नाही, तरी लावतात.

वल्ली_नंबर_दोन:
म्हणजे त्या लाल चंदनाच्या सिनेमातला नायक कुठल्यातरी जपानी आजींच्या रियाजासाठी एवढा मार खात होता?

गिरगाव_ध्रुपद:
जपानी तारवाद्य शिकायला जपानला कशाला जाता? गणपतीत आमच्या गल्लीत या.

चेष्टा नाही. मिरवणुकीत जो बेंजो वाजतो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तो जपानी आहे. १९१२ साली नागोयामध्ये मोरिता गोरो यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं. त्या वर्षी तिथे ताइशो राजवट सुरू झाली म्हणून ते नाव. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, मग भजनी मंडळात गेलं, मग त्याला पिकअप लागला, आणि मग कोळीगीतांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत सगळं त्याच्यावर वाजायला लागलं. आमच्या काकांकडे बेंजो पार्टी होती. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, 'जपानी असेल, पण घाम आमचा आहे.'

तांबडी_माती:
काकांना साष्टांग नमस्कार.

भटकभवानी:
बापरे, दोन दिवस इथे आले नाही तर धागा कुठच्या कुठे पोचला! सगळ्यांचे आभार. बेंजोबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, आणि माझ्या माहेरी माळ्यावर एक बुलबुलतरंग पडलेलं आहे.

दोन अडचणी. एक, मी गात नाही. म्हणजे गाऊ नये असं घरच्यांचं एकमत आहे. दोन, अजगराचं कातडं. आमच्याकडे सासूबाई देवघराच्या खोलीत चामड्याचा पट्टासुद्धा येऊ देत नाहीत. शिवाय विमानतळावर काय होईल?

निशिकासाईकर, व्हिसाचंही सांगा. पर्यटक म्हणून जाऊन शिकता येतं ना?

निशिकासाईकर:
फिरायला आलेला माणूस तासाभराच्या अनुभववर्गाला बसला किंवा चार-सहा धडे घेतले तर कुणी अडवत नाही. असे वर्ग पर्यटकांसाठीच असतात, साधारण दोन ते चार हजार येनमध्ये होतात. एखाद्या गुरूकडे राहून महिनोन्‌महिने पारंपरिक कला शिकायची असेल तर सांस्कृतिक कामासाठीचा वेगळा व्हिसा असतो, पण तो तुमचा प्रश्न नाही.

शिकवणाऱ्याला आधीच निरोप पाठवून विचारा, 'एकाच माणसाकडे सलग काही धडे घ्यायचे आहेत, चालेल का?' अनुभववर्गात दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतात. सहा गावांत सहा वर्ग केलेत तर सहा वेळा पहिला धडा शिकाल. तळ ठोका.

समुद्रपक्षी:
कातड्याचं लिहिते. अजगर सायटीस करारात येतो (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार). खऱ्या कातड्याचं सान्शिन जपानबाहेर न्यायचं तर तिथल्या अर्थ-व्यापार-उद्योग मंत्रालयाचा निर्यात परवाना लागतो, हे चांगले दुकानदार स्वतःहून सांगतात. आपल्याकडे २०२२च्या दुरुस्तीनंतर हा करार वन्यजीव कायद्यातच आला आहे, आणि भारतीय अजगर तर पहिल्या अनुसूचीत. कस्टममध्ये उभं राहून 'हा तो अजगर नव्हे' हे समजावत बसायची हौस असेल तरच त्या वाटेला जा. कृत्रिम कातड्याचं घे. साहित्यासकट वीस-तीस हजार येनच्या आसपास चांगलं मिळतं, दमट हवेत फाटत नाही, आणि सासूबाईही खूश. विमानात चढण्याआधी घोडी आडवी कर आणि तारा सैल कर. हातातल्या सामानात घेऊ देतात की नाही ते कंपनीला आधी विचार, कारण लांबी ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास असते.

पत्र्याच्या डब्याचं सान्शिनही मिळतं, आणि त्यामागची गोष्ट मला इथे लिहायचीच आहे. १९४५च्या लढाईत ओकिनावात दोन लाखांहून जास्त माणसं मेली. बेटावरच्या साध्या लोकांपैकी साधारण चौथा हिस्सा गेला. घरं गेली, घराबरोबर सान्शिन गेली. तिथे सान्शिनला केवढा मान, तर मुख्य जपानात मानाच्या कोनाड्यात तलवार ठेवतात आणि ओकिनावात सान्शिन, असं लोक सांगतात. उरलेल्यांना अमेरिकनांनी छावण्यांत ठेवलं. तिथे या लोकांनी रिकामे डबे घेतले, लष्करी खाटांचं लाकूड घेतलं, पॅराशूटच्या दोऱ्या उसवून तारा केल्या आणि वाजवायला लागले. कानकारा सान्शिन ते हेच.

इशिकावाच्या छावणीत ओनाहा बूतेन नावाचे एक दंतवैद्य होते. रात्री एका शिष्याला घेऊन, सान्शिन वाजवत ते घरोघर जायचे आणि म्हणायचे, चला, जिवाचा सण करूया. लोक चिडायचे. इथे प्रत्येक घरात कुणी ना कुणी गेलंय, आणि हा मनुष्य गाणी म्हणतो? ते म्हणायचे, म्हणूनच. जे उरलेत त्यांनी जगलं नाही तर जे गेले त्यांचं कोण करणार?

आता तुझ्या 'मी गात नाही' बद्दल. ज्या लोकांनी हे वाद्य डब्यावर परत उभं केलं, ते तुझ्या बेसूर आवाजाने दचकणार नाहीत. आमच्या वर्गात एक आजोबा होते, सूर आयुष्यात एकदाही लागला नाही, पण शब्द सगळे पाठ. त्यांना सगळ्यात पुढे बसवायचे.

सावंतवाडीची_सून:
डोळ्यांत पाणी आलं.

हिमकण:
सगळे सान्शिनच्या बाजूने गेलेत म्हणून मुद्दाम उलट लिहिते. मी उत्तरेला आओमोरीत होते, बर्फात. तिथलं त्सुगारु शामिसेन ऐकल्याशिवाय परत येऊ नका.

जाड दांडीचं, मोठं वाद्य. बाची तारेवर आणि कातड्यावर एकदम आदळतो, तार आणि ताल एकाच हातातून. नुसतं वाद्य ऐकवायचं असेल तर यासारखं दुसरं नाही, समुद्रपक्षींच्या 'गळ्यासाठी वाद्य' या नियमाला हा खणखणीत अपवाद. याची सुरुवात नितारो ऊर्फ निताबो (१८५७–१९२८) यांच्यापासून मानतात. लहानपणीच दृष्टी गेलेला, नावाड्याचा मुलगा. असे आंधळे वादक दारोदार फिरून वाजवायचे आणि मूठभर तांदूळ घ्यायचे. बंद दारामागच्या माणसाला बाहेरच्या वाऱ्यात ऐकू जायला हवं, शेजारच्या वादकापेक्षा आपण वेगळे वाटायला हवं, त्यातून हे जोरकस, ऐनवेळी रचत जाणारं वाजवणं तयार झालं असं सांगतात. ताकाहाशी चिकुझान (१९१०–१९९८) हे जगभर गाजले, त्यांनीही तरुणपणी दारोदार फिरूनच वाजवलं होतं. खाली एचिगो भागात आंधळ्या बायकांचे जथे होते, गोझे. डोंगरातल्या गावागावांतून एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून चालत जायच्या आणि शामिसेनवर लांबलचक कथा गायच्या. त्यांतल्या कोबायाशी हारु २००५ साली गेल्या, वय १०५.

गोशोगावाराच्या कानागी भागात त्सुगारु शामिसेनचं संग्रहालय आहे, तिथे वादन ऐकायला मिळतं. हिवाळ्यात कानागीला जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या डब्यात कोळशाची शेगडी असते आणि तिच्यावर सुके माकूळ भाजून देतात. शाकाहारी असाल तर खिडकी उघडायची सोय नाही, आधीच सांगते.

शुद्ध_मध्यम:
हिमकण, मूठभर तांदूळ वाचून आमच्या गावचे वासुदेव आणि गोंधळी आठवले. त्यांच्या तुणतुण्याला एकच तार, पण पहाटे गल्लीच्या टोकापासून ओळखू यायची. ही माणसं कुठल्या वर्गात शिकली नव्हती हे मला मान्य करावं लागेल. चालता चालताच शिकली. पण आयुष्यभर चालली, महिनाभर नाही.

तांबडी_माती:
काका हळूहळू लाइनवर येतायत.

निवृत्त_नाना:
आम्ही उभयता गेल्या वर्षी सहलीबरोबर इशिगाकीला आणि तिथून होडीने ताकेतोमी बेटावर गेलो होतो. पांढऱ्या वाळूचे रस्ते, प्रवाळाच्या दगडांची कुंपणं, आणि म्हशीच्या गाडीतून फेरी. गाडीवान कासरा सोडून देतो आणि सान्शिन काढून गायला लागतो. वळणं म्हशीला पाठ आहेत, कोपऱ्यावर बरोबर आतल्या बाजूने चाक काढते. सौ. म्हणाल्या, तुमच्यापेक्षा गाडी चांगली चालवते. सान्शिनची नखी म्हशीच्या शिंगाची असते हे कळल्यावर मात्र आम्ही तिच्यासमोर तो विषय काढला नाही.

भटकभवानी, नवीन माणसाला ऐकायला ही जागा चांगली. शिकायला ओकिनावाची राजधानी नाहा हीच बरी, तिथे दुकानं-शिकवणारे जास्त.

नवा_गडी:
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, युकुलेले वाजवते. तिला सान्शिन जमेल का? वेगळा धागा काढू का?

समुद्रपक्षी:
जमेल. तिथे शाळकरी मुलं वाजवतात. वेगळा धागा नको, इथेच विचारा, हा तसाही भरकटलेलाच आहे.

गिरगाव_ध्रुपद:
भरकटवण्यात आमचाही खारीचा वाटा आहे.

भटकभवानी:
बरं, आता माझं ठरत आलंय ते सांगते, चुकत असेल तर थांबवा.

सुरुवातीला थेट ओकिनावा. नाहात खोली घेऊन तीन आठवडे एकाच शिकवणाऱ्याकडे. दोघांना निरोप पाठवलेत, एका आजींच्या नातवाने उत्तर दिलंय की खुर्चीवर बसलं तरी चालेल पण गावं लागेल. वाद्य तिथेच भाड्याने, पसंत पडलं तर कृत्रिम कातड्याचं विकत. मग उरलेल्या दिवसांत उत्तरेला, हिमकण म्हणतात तसं फक्त ऐकायला. शामिसेन हातात घेणार नाही, घेतलं तर सान्शिनचंही विसरेन. रोज सकाळी सा ग म प नी चालू केलंय. शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही, पण त्यांच्या कुत्र्याने केली आहे.

समुद्रपक्षी:
बेत उत्तम. तारखा बघता मार्चच्या सुरुवातीला तू नाहातच असशील. ४ मार्चला सान्शिन दिन असतो. सान-शि, तीन-चार, म्हणून ती तारीख. १९९३पासून करतात. योमितानला मोठा कार्यक्रम असतो. र्‍युक्यू संगीताचा आद्यपुरुष मानतात त्या आका इंकोचं स्थान त्याच गावात आहे. दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत दर तासाला रेडिओवर वेळेचा ठोका पडला की सगळे मिळून एकच मंगलगीत वाजवतात, 'काग्यादेफू'. हॉलमध्ये, शाळेत, घरात, जो जिथे असेल तिथे. तिथल्या लग्नातही हेच आधी होतं. आजींना सांग की तेवढं आधी शिकवा. संथ आहे, पण संथच कठीण, हे आत्ताच सांगून ठेवते.

मिरजेचा_भोपळा:
वाद्य घेताना दांडी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघा, जरा वाकडी वाटली तरी सोडा. कातडं बदलता येतं, दांडी नाही.

भटकभवानी:
नोंद केली! समुद्रपक्षी, ४ तारखेचं आजच विचारते.

शुद्ध_मध्यम:
ते रेडिओवरचं आपल्याकडे ऐकायची काही सोय आहे का? आणि पहिला ठोका आपल्या किती वाजता?

निशिकासाईकर:
जपान साडेतीन तास पुढे, काका. म्हणजे सकाळी साडेआठ. सोय बघून कळवतो.

वल्ली_नंबर_दोन:
काका, तंबोरा लावून बसा. कुत्र्याची सोय आम्ही बघतो.